डबी जागी होईपर्यंत

दसऱ्याच्या सकाळी निवास चौगुले उठले, उशाशी चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडं त्यांनी नीट बघितलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही कोण? आणि आमच्या घरात कशा?"

आठ वर्षं संसार केलेल्या नवऱ्यानं ऐन सणाला बायकोला ताई म्हणावं! दुसरी कोणी असती तर कप हातातून सुटला असता. वृषालीनं तो स्टुलावर नीट ठेवला. आधी कामाचं बघायचं आणि रडायचं ते मागून, हा त्या बाईचा शिरस्ता होता. तिनं उशाशी बघितलं. डबी जागेवर होती आणि डबीचा हिरवा दिवाही लागलेला होता.

"कल्पनाला बोलवा जरा," निवासराव म्हणाले आणि स्वतःच आत हाक मारली, "कल्पना! अगं, बघ कोण आलंय!"

कल्पना ही निवासरावांची पहिली बायको, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आता ही डबी काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी आंबा घाटात चौगुल्यांची गाडी दरीत गेली. कल्पना जागच्या जागी गेली. निवासराव वाचले, पण डोक्याला असा मार बसला की मेंदूतली नव्या आठवणी साठवायची जागाच निकामी झाली. जुनं सगळं शाबूत होतं. कल्पनाशी झालेलं लग्न, लेकीचं बारसं, उद्यमनगरातलं वर्कशॉप, सगळं लख्ख. ओतकामाचा साचा पाडायला आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि त्या कामात निवासरावांचा हात धरणारा कोल्हापुरात कोणी नव्हता. तो हातही शाबूत होता. फक्त अपघातानंतरचं काही टिकत नव्हतं. सकाळी भेटलेला माणूस दुपारी परका.

त्यावर तेव्हा नुकताच एक इलाज निघाला होता. कानामागं, कवटीत, तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवायचं. डॉक्टर त्याला बीज म्हणत. बीजाला फार तर एका दिवसाचं सांभाळता यायचं. झोप लागली की तेही जायचं. एवढ्याशा दाण्यात माणसाची वर्षं कुठली मावायला? ती राहायची बाहेरच्या डबीत. डबी कुंकवाच्या करंड्याएवढी, दिवसा गळ्यात आणि रात्री उशाशी चार्जिंगच्या बैठकीवर.

माणूस झोपला की बीज बंद होतं, कारण त्याची ऊब मेंदूला रात्रंदिवस सोसत नाही. डबीही झोपते. सकाळी माणूस चाळवला की दोघं नव्यानं सुरू होतात. संगणक चालू होताना जे करतो तेच मग बीज करतं. आधी स्वतःला तपासतं आणि मग हाक मारतं, बाहेर कोणी आहे का? असशील तर नाव सांग. डबी जागी होते, आपलं आतलं सगळं धड आहे ना ते चाचपते आणि नाव सांगते. नाव पटलं की आठवणी जोडल्या जातात आणि मगच माणूस डोळे उघडतो. हे सगळं कूस बदलायच्या आत उरकतं.

आणि डबीनं वेळेत नाव सांगितलंच नाही तर? तर बीज फार थांबत नाही. माणसाला अर्धवट झोपेत धरून तरी किती ठेवणार? बाहेर कोणी नाही असं ते समजतं आणि डोक्यात आधीचं जे आहे तेवढ्यावर माणसाला उठवतं. एकदा उठवलं की त्या दिवशी मग डबी जोडता येत नाही. एका पायावर भिंत चढायला लागल्यावर खालून दुसरा पाया सरकवायला जावं तसं होतं ते; माणसाला झटके येतात. दुसऱ्या सकाळची वाट बघणं आलं.

थोडक्यात, निवासराव त्या दिवशी अकरा वर्षं मागं उठले होते. तिथं कल्पना होती. वृषाली नव्हती.

वृषाली मूळची हॉस्पिटलातली. नवी डबी बसवलेल्या पेशंटना तिची सवय लावायचं काम तिच्याकडं होतं. निवासराव तिच्याच हाताखाली पुन्हा माणसांत आले, आणि तीन वर्षांनी एका संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर त्यांनी सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?" एरवी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारी वृषाली गप्पच झाली. भेळेचा कागद चुरगाळत बसली. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "सांगा सावकाश. मला कुठं जायचंय?" त्या एका वाक्यावर तिनं होकार दिला, असं ती पुढं मैत्रिणींना सांगायची.

लग्नाच्या वेळी त्यांनी तिच्याकडून एक वचनही घेतलं होतं. "डबी कधी फसली तर मला खोटं सांगायचं नाही. कल्पना गेली, हे सांगायचं. रडीन मी, रडू दे. पण मेलेल्या माणसाला माहेरी गेलंय म्हणायचं नाही. तिचा अपमान होतो तो."

त्यामुळं दसऱ्याच्या दिवशी वृषाली पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली आणि तिनं सगळं सांगितलं. निवासराव आधी चिडले, मग आरशात आपले पांढरे केस बघून आले, आणि मग भिंतीला टेकून असे रडले की शेजारच्या आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. घरात आपट्याची पानं आणलेली होती ती तशीच देव्हाऱ्यात राहिली. त्या घरात त्या दिवशी कोणी कोणाला सोनं दिलं नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. "ताई, तुम्ही कोण? कल्पना कुठाय?" वृषालीनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या सकाळपर्यंत पुण्याहून सानिका येऊन पोचली होती. सानिका म्हणजे कल्पनाची लेक. अपघाताच्या वेळी शाळेत होती, आता नोकरीला लागलेली. वृषालीला ती मावशी म्हणायची. वाईट वागायची नाही, पण मावशीच्या पुढं काही ती सरकली नव्हती. दाराआडून तिनं वडिलांना आईसाठी रडताना ऐकलं आणि स्वयंपाकघरात येऊन वृषालीवर तुटून पडली.

"रोज सकाळी माझ्या आईला मारताय तुम्ही! काय मिळतं त्यातनं?"

"वचन दिलंय त्यांना."

"वचन दिलं तेव्हा बाबांना काय माहीत रोज सांगावं लागेल म्हणून? आई सांगलीला मामाकडं गेलीय म्हणा की. सुखानं राहतील. आणि खरं सांगू का, मावशी? मला लहानपणी होते तसे बाबा दिसतायत. कल्पना, कल्पना करत घरभर फिरणारे. तुम्हाला तेच बघवत नाही."

वृषालीला हे झोंबलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्यासमोर पाहुणीसारखं बसायचं म्हणजे काळीज कापल्यासारखं होत होतं. पण ती भांडत बसली नाही. "सणाच्या सुट्ट्या संपल्या, मी उद्या डबी घेऊन हॉस्पिटलात जाते," एवढंच म्हणाली. "उद्या सकाळी तुझी पाळी. तुला काय सांगायचं ते सांग."

दुसऱ्या दिवशी ते उठायच्या सुमारासच ती घराबाहेर पडली.

डॉक्टर तरन्नुम मुजावर यांनी निवासरावांचं बीज स्वतः बसवलं होतं. त्यांनी डबी तपासणीच्या यंत्रावर ठेवली आणि पडद्याकडं बघत मान हलवली.

"डबी मेलेली नाही, वृषालीताई. उत्तर देतेय. पण उशिरा देतेय. बीज हाक मारून पुढं निघून जातं आणि मागनं ही म्हणते, आले आले."

"घटस्थापनेला बीजाचं नवं व्हर्जन आलं होतं. त्याचं काही?"

"ते आहेच. सकाळी डोकं जड राहतं अशी लोकांची ओरड होती, म्हणून थांबायचा वेळ कमी केला. पी हळद नि हो गोरी, दुसरं काय! पण धडधाकट डबीला तेवढा वेळही पुरतो. हिला का पुरत नाही, तो प्रश्न आहे." डॉक्टरांनी डबीची कड भिंगाखाली धरली आणि थबकल्या. "हे लाल काय आहे?"

वृषालीनं भिंगातून बघितलं. वीज आत घेणाऱ्या बारीक टाचण्यांच्या खाचेत लाल गाळ बसला होता, आणि एका बाजूनं पिवळी रेघ. ते काय आहे हे ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

खंडेनवमी! त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कोणी हत्याराला हात लावत नाही. रंधे, पटाश्या, कानशी, व्हर्नियर, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. सकाळी एकदा ओळख पटली की डबी थोडा वेळ गळ्यातून काढली तरी चालायचं. निवासराव दर वर्षी ती काढून रांगेत शेवटी ठेवायचे. "हिलाही लावा," म्हणायचे, "माझं सगळ्यात कामाचं हत्यार हेच." दर वर्षी डबीला रबरी टोपण असायचं आणि कुंकू टोपणाला लागायचं. यंदा टोपण धुऊन वाळत घातलेलं होतं. वृषालीनं तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट डबीच्या उघड्या तोंडावर, अगदी श्रद्धेनं, दाबून लावलं होतं.

"माझ्याच बोटानं झालं म्हणायचं," ती म्हणाली.

"डबी पाण्यात बुडवून बघितलीय, दुसऱ्या मजल्यावरनं टाकून बघितलीय," डॉक्टर म्हणाल्या. "हळदकुंकू लावून कोणी बघितलं नव्हतं. तो दोष तुमचा एकटीचा नाही."

वृषालीनं डोळे पुसले. "रडणं मागून बघू. आता करायचं काय ते सांगा. यातलं दुसऱ्या डबीत उतरवून घेता येईल?"

येत नव्हतं. आठवणींना त्या माणसाच्याच मेंदूचं कुलूप होतं. एकदा निवासराव डबीशी जोडले जाऊन उठले की तासाभरात सगळं नव्या डबीत घेता आलं असतं, पण त्याआधी डबी म्हणजे मालकाच्या खिशात किल्ली राहिलेलं कपाट. आतले भाग बदलावेत तर कुलूपच बिघडणार. तेल आतपर्यंत उतरलं होतं आणि रोज रात्री चार्जिंगच्या उष्णतेनं ते जळून आणखी चिकटत होतं. डॉक्टरांनी होईल तेवढं साफ केलं. डबी आणखी एकदा जागी होईल, त्यापुढं भरवसा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"म्हणजे एकच सकाळ हातात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बीजाला जास्त वेळ थांबायला लावायचं. त्याच्या दोन तऱ्हा. पहिली, शरीराला झेपेल तेवढी मुदत घालायची. तेवढ्यात डबी बोलली तर बोलली, नाहीतर बीज त्यांना तिच्याविना उठवेल. शेजारी मी कोरी डबी ठेवीन, ती जोडली जाईल, आणि त्या दिवसापासून पुढचं तरी टिकेल. जुनं मात्र गेलं."

"आणि दुसरी?"

"मुदतच घालायची नाही. डबी नाव सांगेपर्यंत बीज थांबून राहील. डबी कितीही उशिरा उठली तरी सापडेल. पण ती उठलीच नाही, तर निवासरावही उठायचे नाहीत. मधेच सोडवता येणार नाही, कारण सुरू होईपर्यंत बीज बाहेरचं कोणाचंच ऐकत नाही. तुमची आणि मुलीची, दोघींची संमती लागेल. विचार करून या."

वृषाली संध्याकाळी घरी आली तर निवासराव फाटकाच्या पायरीवर बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, आणि मुठीत देव्हाऱ्यातली आपट्याची पानं.

"तुम्ही सांगलीकडनं आलात का, ताई?" त्यांनी विचारलं. "आमच्या मंडळी माहेरी गेल्यात. सणाला गेल्या नि फोनही उचलत नाहीत. सोनं द्यायचं राहिलंय."

आत सानिका ओट्याला टेकून बसली होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"सकाळपासनं तिथंच आहेत," ती म्हणाली. "जेवले नाहीत. म्हणाले, तिच्याबरोबर जेवीन. दर गाडीला उठून उभे राहतात, मावशी. मला वाटलं होतं सुखानं राहतील."

वृषालीनं एका ताटात वाढलं, ती पायरीवर जाऊन बसली आणि दिलेल्या वचनाप्रमाणं निवासरावांना सगळं सांगितलं. त्यांचं रडणं ओसरेपर्यंत तिथंच बसून राहिली. मग त्यांना दोन घास खायला लावून आत आली आणि सानिकासमोर दोन्ही तऱ्हा मांडल्या.

"मुदत नको," सानिका लगेच म्हणाली. "डबी सापडेपर्यंत थांबू दे. मला ते असे बघवत नाहीत. आणि तुमचंही त्यातच भलं आहे की! आठ वर्षं आहेत तुमची त्या डबीत."

"आहेत ना. घर बांधलं ते आहे. तुझी नोकरी लागली तेव्हा हे वर्कशॉपभर पेढे वाटत सुटले होते, तेही तिच्यातच आहे." वृषालीनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. "पण नाही. मुदत घालायची."

"आणि त्या मुदतीत नाहीच बोलली डबी तर?"

"तर मी नसेन त्यांच्या डोक्यात. नसू दे. मला आठवायला म्हणून माणूस कायमचा निजवून ठेवू? मी नसले तरी चालेल, सानिका. ते उठले पाहिजेत."

सानिका उठली, दोन कपांत चहा ओतला आणि एक वृषालीच्या हातात दिला. मुदतीला संमती द्यायला दोघी त्याच रात्री निवासरावांना घेऊन हॉस्पिटलात गेल्या.

सकाळी खोलीत चौघंच होती. निवासराव झोपलेले; उशाशी एका बाजूला जुनी डबी, दुसऱ्या बाजूला नवी, कोरी. डॉक्टरांची नजर पडद्यावर.

निवासरावांनी कूस बदलली. "बीज सुरू झालं," डॉक्टर म्हणाल्या. "हाक मारली."

पडद्यावर जुन्या डबीच्या नावापुढं नुसती रेघ होती. निवासरावांच्या पापण्या थरथरत होत्या, पण उघडत नव्हत्या. वृषालीनं पलंगाची कड धरली. नवस बोलायची तिला सवय नव्हती, तरी तिनं अंबाबाईला एक कबूल करून टाकला.

"डबी जागी झाली!" डॉक्टर म्हणाल्या. "चाचपतेय. अजून चाचपतेय. फारच हळू चाललंय."

"ऊठ की गं बाई," वृषाली डबीला म्हणाली. "ऊठ. सांग नाव."

निवासरावांचा श्वास जड झाला, कपाळावर घाम आला. सानिकानं वृषालीचा हात घट्ट धरला.

मग पडद्यावरची ओळ बदलली. डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "मुदत संपली. नवी डबी जोडली गेली."

निवासरावांनी डोळे उघडले. त्याच वेळी यंत्रानं बारीकसा आवाज केला. जुन्या डबीनं आपलं नाव सांगितलं होतं. पडद्यावर ते स्वच्छ उमटलं, थोडा वेळ राहिलं, आणि मग तिचा हिरवा दिवा गेला तो पुन्हा लागला नाही.

"वृषालीताई," डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणाल्या, "मुदत घातली नसती तर..."

"डॉक्टर, ते वाक्य पुरं करू नका," वृषाली म्हणाली. "काल संध्याकाळी मला हे माहीत नव्हतं. आणि उद्या पुन्हा विचारलंत तरी मी हेच सांगीन."

तिनं पदर खोचला आणि खुर्ची ओढून पलंगाजवळ बसली. आज सांगितलं की पुन्हा सांगावं लागणार नव्हतं. निवासराव खोलीभर बघत होते. "कल्पना कुठाय?" त्यांनी विचारलं. या वेळी वृषाली एकटी नव्हती. सानिका वडिलांच्या दुसऱ्या अंगाला बसली आणि कल्पनाचं अर्धं तिनं सांगितलं. वृषाली कोण, तिथवर गोष्ट पोचलीच नाही. ते रडले, खूप रडले. लेकीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाले, "केवढी मोठी झालीस गं!" आणि पुन्हा रडले. वृषाली उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यात तोंडात पदर कोंबून, मागून रडायचं म्हणून राखून ठेवलेलं सगळं रडली.

उन्हं कलली तेव्हा सानिका निवासरावांना हाताला धरून व्हरांड्यात घेऊन आली, त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, यांच्यापाशी बसा. आपल्या घरच्याच आहेत या. मी चहा आणते."

ती गेल्यावर निवासराव बाजूला बसलेल्या बाईकडं बघत राहिले. डोळे सुजलेले, पण नजर शांत होती. अंगावरच्या शर्टाचं तुटलेलं बटण कोणी तरी वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, त्यावर त्यांनी बोट फिरवलं. गळ्यात नवी डबी होती.

"सकाळपासनं बघतोय," ते म्हणाले. "सगळं तुम्हीच करताय. डॉक्टर तुम्हालाच विचारतात. माझी लेक तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते. तुम्ही कोण माझ्या?"

वृषालीनं तोंड उघडलं. इतक्या दिवसांत या प्रश्नाचं उत्तर तिनं रोज दिलं होतं, न अडखळता. पण त्या दिलेल्या उत्तरांतलं एकही दुसऱ्या सकाळपर्यंत टिकणारं नव्हतं. आज जे सांगेल ते राहणार होतं. कुठून सुरू करायचं? हॉस्पिटलापासून? रंकाळ्यापासून? ती हातातला रुमाल चुरगाळत बसली.

निवासरावांनी थोडा वेळ वाट बघितली. मग बाकावर जरा सरकून, पाठ टेकून ऐसपैस बसले.

"सांगा सावकाश," ते म्हणाले. "मला कुठं जायचंय?"